हंड्यावरची चिमूट

सिनसिनाटीच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर जन्मलेला माणूस काट्याला स्पॅगेटी गुंडाळत नाही. काट्याची कड लावून केकसारखा तुकडा पाडतो आणि वरचं चीज, मधली चिली, तळाची स्पॅगेटी, ज्याला इथे थ्री-वे म्हणतात, ते सगळं एका घासात उचलतो. डेलीनला हे कुणी सांगितलंच नव्हतं. लॅम्ब्रोस तानासोफने तिला पहिल्यांदा आपल्या आईच्या दुकानात आणलं तेव्हा ही टेक्सासची पोर लांबट बशीपुढे बसली, काटा खुपसला आणि मस्त गरागरा फिरवला.

काउंटरवरच्या माना वळल्या.

"ही जेवतेय की लोकरीचा गुंडा करतेय?" टोकाच्या स्टुलावरून वेसेल म्हणाले. डाकखात्यातला माणूस, दुपारचं जेवण इथे म्हणजे इथेच.

दुकान हसलं. डेलीनही हसली, तोंडात अर्धा घास असताना. मग वेसेलांनी या गावात सगळ्यांना विचारतात तो प्रश्न विचारला, "शाळा कुठली तुझी?" इथे शाळेचं नाव सांगितलं की माणसाची टेकडी, चर्च, बापाचा धंदा, सगळं कळतं. डेलीनने आपल्या गावची शाळा सांगितली.

"म्हणजे शाळाच नाही," वेसेल म्हणाले आणि पुन्हा आपल्या बशीकडे वळले.

तिच्या माहेरी चिली म्हणजे मांसाचे चांगले ठळक तुकडे, वाळक्या मिरच्या, आणि डोळ्यांतून पाणी काढणारा लालभडक रस्सा. इथे समोर होता खिम्याचा पातळ, गडद रस्सा, आणि त्याला दालचिनीचा वास. नाताळचा केक कुणीतरी चुकून मटणावर ओतला असावा, असं तिला वाटलं. पण घास गिळल्यावर, सगळं संपलं असं वाटत असताना, जिभेच्या अगदी मागे आणखी एक चव आली. ऊबदार, जराशी कडसर. आली आणि थांबली.

"हे शेवटी येतं ते काय आहे?" तिने लॅम्ब्रोसला विचारलं.

"आईला विचार."

काउंटरमागे काळ्या कपड्यांतली बुटकी, रुंद बाई चीज किसत उभी होती. एव्हान्थिया तिचं नाव, पण ग्रीक आजीला म्हणतात तसं सगळं दुकान तिला याया म्हणायचं. तिने डेलीनला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ते होय? तो माझा हात आहे, पोरी."

डेलीनला हे उत्तर फार आवडलं होतं. पुढे कितीतरी वर्षं ती ते नव्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत असे.

लग्न झालं आणि ती दुकानात उभी राहिली. कच्चा खिमा न परतता गार पाण्यात हाताने मोकळा करायचा, मगच आच द्यायची. रात्रभर गार करून वर धरलेली चरबी सकाळी काढायची. चीज दाबायचं नाही, पिसासारखं पडू द्यायचं. पाच बशा एका हातावर खांद्यापर्यंत रचायच्या. ती शिकली. काट्याची कड कशी लावायची ते वेसेलांनीच शिकवलं, तेही ओरडून. तिचे वडील एकदा टेक्सासहून आले, दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाले, "बेटा, हे खिम्याचं सूप आहे. यांना चिली म्हणू दे, आपल्याला काय." आधी असतं तर डेलीन खो खो हसली असती. त्या दिवशी तिला राग आला. तोंड फिरवून ती काउंटर पुसत राहिली आणि मनात म्हणाली, चला, म्हणजे आपण इथल्या झालो.

एक दार मात्र तिच्यासाठी बंद होतं. मागच्या खोलीत याया एकटी मसाला कालवायची, आतून कडी लावून. त्यालाही कारण होतं. लॅम्ब्रोसच्या मोठ्या भावाची बायको घटस्फोट घेऊन गेली आणि वर्ष व्हायच्या आत नदीपलीकडे, केंटकीत, एक चिलीचं दुकान उघडलं. याया एकदाच तिथे जाऊन चव घेऊन आली, परतल्यावर चूळ भरली आणि म्हणाली, "तीच." ही गोष्ट सांगताना ती दर वेळी जमिनीवर थुंकल्यासारखं करायची आणि डेलीन तिच्या बरोबरीने त्या न पाहिलेल्या जावेला शिव्या द्यायची.

मुलगी झाली तेव्हा डेलीनच्या मनात आपल्या आईचं नाव ठेवायचं होतं, ओपल. पण तानासोफांच्या घरी पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव मिळतं; त्यात विचारायचं काही नसतं. डेलीनने फोनवर आईला सांगितलं तेव्हा आईने हवामानाचा विषय काढला. इकडे यायाने बाळाला उचललं, तीनदा थू थू करून दृष्ट काढली आणि म्हणाली, "नाव जिथे जातं तिथे सगळं जातं." म्हाताऱ्या माणसाचं लाडाचं बोलणं, डेलीनला वाटलं.

मुलीला सगळे एव्ही म्हणू लागले. डेलीन तिच्या बाबतीत जरा जास्तच काळजी करणारी आई होती; ताप आला की रात्रभर कपाळावर हात, शाळेची बस पाच मिनिटं उशिरा आली की रस्त्यावर. पण रविवारी चर्चमधून आल्यावर आजी नातीचा हात धरून मागच्या खोलीत न्यायची, तेवढा वेळ डेलीन निर्धास्त असायची. आत काय चालतं हे तिने कधी विचारलं नाही. आजी देवाच्या गोष्टी सांगत असेल, ग्रीक शिकवत असेल. आजी लाभली हेच केवढं.

एव्ही कॉलेजात गेली त्या सुमारास यायाचे हात थरथरू लागले. मापाचा चमचा मसाल्याच्या डब्यात जाण्याऐवजी काठावर आपटायचा. एका रविवारी दुकान बंद असताना यायाने डेलीनला मागच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि एकेक डबा तिच्या हातात दिला. दालचिनी एवढी, लवंग एवढी, ऑलस्पाइस, जिरं, थोडा कोको, तमालपत्र, व्हिनेगर शेवटी. डेलीनचे ओठ हलत होते, ती पाठ करत होती.

"लिहायचं नाही," याया म्हणाली.

"नाही लिहिणार."

"कुणाला सांगायचं नाही. तुझ्या आईलाही नाही."

"नाही."

यायाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ते हात थरथरत होते, हे डेलीनला पुढे कितीदा आठवलं. "आता तू घरची," ती म्हणाली.

डेलीन त्या दिवशी गाडीत बसून रडली. आईला फोन केला, पण मसाल्याचं अक्षरही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आई, मला त्यांनी घरात घेतलं गं." आईने विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तू कुठे होतीस?"

तेव्हापासून आठवड्याचा मोठा हंडा दर रविवारी डेलीन लावू लागली. आणि तेव्हापासूनच यायाचा एक नेमही तिच्या हजेरीत होऊ लागला. हंडा उकळीला आला की याया खुर्चीतून उठायची, एप्रनच्या खिशात हात घालायची, मूठ बाहेर काढायची आणि हंड्यावर हवेत क्रॉसची खूण करत चिमूट सोडायची. पहिल्या वेळी ती डेलीनला म्हणाली, "देवाची वेळ आहे, आशीर्वादाचं मीठ आहे हे. तिकडे बघ." डेलीन बाप्टिस्ट पंथाच्या घरात वाढलेली. दुसऱ्याच्या प्रार्थनेत डोकावायचं नाही, हे तिच्या हाडात होतं. पूर्वी हे बंद दाराआड होत असेल, आता आपल्याला उभं राहू देतात, असं तिला वाटलं आणि तिला भरून आलं. ती खिडकीकडे वळली. खिडकीतून शेजारच्या बेकरीची मागची भिंत दिसायची, दुसरं काही नाही. इतके रविवार ती त्या भिंतीकडे पाहत राहिली की कुठल्या विटेचा कोपरा उडालाय, कुठे चुना ओघळलाय, सगळं तिला पाठ झालं.

शेवटी याया चाकाच्या खुर्चीवर आली. तेव्हाही रविवार चुकला नाही. डेलीनच तिला अंगात कोट घालून, गुडघ्यांवर शाल टाकून, उतारावरून जपून खुर्ची ढकलत आणायची. "आई, घरून प्रार्थना केली तर देव ऐकणार नाही का?" लॅम्ब्रोस एकदा कुरकुरला. डेलीनच त्याच्या अंगावर गेली. "गप्प बस. तिचा नेम आहे. मी नेते ना तिला?"

याया शरद ऋतूत गेली. चाळीस दिवस दुकान बंद ठेवलं. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटला आणि त्या रविवारी एव्ही दुकानाच्या मागच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. ती आता तासाभरावर डेटनला शाळेत शिकवत होती.

"याया सांगून गेलीय," ती म्हणाली. "नाव माझं आहे, तर क्रॉस मी करायचा."

डेलीनने लेकीच्या गालावर हात ठेवला. आजकालच्या मुली कुठे असलं मानतात! मग ती आपण होऊन खिडकीकडे वळली. एव्ही दर रविवारी येऊ लागली. डेलीन तिच्यासाठी सकाळपासून काहीतरी करून ठेवायची, रस्त्यात आहेस का म्हणून फोन करायची, पोहोचली की जीव भांड्यात पडायचा. पोर आपल्यासाठी येते, आजी गेल्यावर आई एकटी पडली म्हणून येते, असं ती शेजाऱ्यांना सांगायची.

फेब्रुवारीत एका रविवारी पाऊस पडता पडता गोठला. रस्ते काचेसारखे झाले. डेलीनने पहाटेच फोन केला, "निघू नकोस. अजिबात निघू नकोस."

"आई, मग आज हंडा लावू नको."

"म्हणजे? सोमवारी गिऱ्हाइकांना काय वाढू, बर्फ?"

"मी उद्या येते. सुट्टी टाकते. पण हंडा नको लावू."

"देव एक रविवार समजून घेईल गं. त्याला बर्फ दिसतो."

 "बरं," एव्ही म्हणाली आणि फोन ठेवला. डेलीनने हंडा लावला. उकळी आली तेव्हा मनातल्या मनात दोन शब्द बोलली आणि आपल्याच मीठदाणीतलं चिमूटभर मीठ क्रॉस करत टाकलं.

सोमवारी वेसेलांनी अर्धी बशी ठेवली. ते आता म्हातारे झाले होते, सुनेच्या हाताला धरून यायचे, पण बशी मात्र पावाने पुसल्यासारखी परत जायची. डेलीनला वाटलं, तब्येत बरी नसेल. मंगळवारीही तेच. बुधवारी मागच्या टेबलावरच्या बायका बाटलीतला तिखट सॉस मागू लागल्या. तिघीही कधी सॉस न मागणाऱ्या. उरलेल्या बशा आत येत होत्या आणि डेलीन प्रत्येक बशीतला चमचाभर खाऊन पाहत होती. दालचिनी होती. लवंग होती. सगळं जिथल्या तिथे.

गुरुवारी तिने वेसेलांना गाठलंच. "काय झालंय? खरं सांगा."

"काही नाही गं. चांगली आहे."

"वेसेल."

त्यांनी काटा खाली ठेवला. "शेवटचं येत नाही," ते म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाले, "हाताची गोष्ट असते. यायाचा हात यायाबरोबर गेला. त्याला तू तरी काय करणार?"

"पण मागच्या आठवड्यात येत होतं?"

"मागच्या आठवड्यात?" म्हातारा विचारात पडला. "हो. येत होतं की."

याया तर शरद ऋतूतच गेली होती. डेलीनने चमचाभर चिली तोंडात घेतली, गिळली, आणि काउंटरला धरून जिभेच्या मागे काही येतं का याची वाट पाहिली. काही आलं नाही.

रविवारी रस्ते मोकळे झाले. एव्ही आली, कोट काढला, आईच्या हातचं सँडविच उभ्याउभ्या खाल्लं, वर्गातल्या एका वात्रट पोराची गोष्ट सांगितली. डेलीन हसली नाही. हंड्याला उकळी आली. एव्हीने खिशात हात घातला.

"आई, तिकडे बघ ना."

"का?"

"का म्हणजे? नेहमी बघतेस."

"आज नाही बघणार."

एव्ही थांबली. मूठ मिटलेली होती.

"मीठ आहे ना ते?" डेलीन म्हणाली. "मीठच असेल तर टाक की. मी बघते."

"आई, प्लीज."

"हात उघड, एव्ही."

लहानपणी मुलीने गुंडी तोंडात टाकली की ती याच आवाजात 'तोंड उघड' म्हणायची. एव्हीची बोटं सैल झाली. तळहातावर तपकिरी पूड होती.

"कधीपासून?"

"आई, मी यायाला वचन दिलंय. देवाच्या तसबिरीसमोर."

"कधीपासून विचारलं मी."

"दहा वर्षांची होते."

डेलीनला ते वर्ष पूर्ण आठवत होतं. त्या वर्षी पोरीला कांजिण्या आल्या होत्या. अंगावरच्या एकेक फोडाला तिने औषध लावलं होतं. गणिताच्या पेपरात कुणाचं पाहून लिहिलं, दुकानातून च्युइंगगम कसं उचललं, सगळं पोर रडत येऊन सांगायची. आपल्या मुलीच्या पोटात काही राहत नाही, हा डेलीनचा मोठा अभिमान होता.

"तुला फसवायचं म्हणून नव्हतं गं," एव्ही बोलत सुटली. "काकू तशी गेली ना, तेव्हापासून याया घाबरायची. ती म्हणायची, सून ही पाहुणी. पाहुणीला पोटभर वाढावं, पण किल्ली देऊ नये. पण तुझ्यावर जीव होता तिचा. खरंच होता."

"हो. मी खुर्ची ढकलायचे ना." डेलीन म्हणाली. "उतारावरून. शाल टाकून."

"आई..."

"मला मसाला मिळाल्यापासून तुझ्या वाढदिवसाला घरी छोट्या पातेल्यात करायचे मी. तिथे याया नसायची. आठवतं?"

एव्हीने मान हलवली.

"काय म्हणायचीस खाताना?"

एव्ही तळहातावरच्या पुडीकडे बघू लागली.

"म्हणायचीस, आई, अगदी यायासारखी. दर वर्षी. तशी होती ती?"

"नव्हती," एव्ही म्हणाली आणि रडू लागली.

दारात लॅम्ब्रोस येऊन उभा होता. डेलीनने त्याच्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"काय घालते ते मला कधीच कळलं नाही. देवाशपथ. मी मुलगा असून मला सांगितलं नाही तिने."

"ते नाही विचारलं मी."

लॅम्ब्रोस दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिला. हंडा रटरटत होता. एव्हीने डोळे पुसले आणि अचानक दोन पावलं पुढे आली.

"मी सांगते तुला. याया काही वर येत नाही विचारायला. कान इकडे कर."

डेलीनला तेच तर हवं होतं इतकी वर्षं, नाही का? एक शब्द. लेक तो आत्ता देत होती, डोळे सुजलेले, नाक वाहतंय, कीव येऊन. डेलीनने तिच्या खांद्याला धरून तिला हळूच हंड्याकडे वळवलं.

"नको. टाक ते. गिऱ्हाइकांनी काय पाप केलंय?"

आणि ती खिडकीकडे वळली. बेकरीच्या भिंतीवर बर्फ वितळून ओघळ आले होते. मागे डाव हंड्याच्या काठाला लागल्याचा आवाज झाला. मग तो वास आला. इतके रविवार तो तिच्या पाठीमागून येत होता, आणि ती त्याला उकळीचा वास समजत होती.

दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी होती, म्हणून एव्ही राहिली. दुपारी दुकान भरलं तेव्हा डेलीन काउंटरमागे गेली नाही. कोट अंगात तसाच ठेवून वेसेलांच्या शेजारच्या स्टुलावर बसली.

"एक थ्री-वे," ती म्हणाली.

एव्ही तिच्याकडे बघत राहिली. मग मुकाट्याने लांबट बशी घेतली, स्पॅगेटी घातली, वर चिली, वर चीज, न दाबता, पिसासारखं, डेलीननेच शिकवलं होतं तसं. बशी समोर ठेवली. डेलीनने काटा उचलला, मधोमध खुपसला आणि गरागरा फिरवला. चीज काउंटरवर सांडलं.

"अगं, अगं!" वेसेल ओरडले. "गुंडाळतेस काय? एवढी वर्षं मी तुला काय शिकवलं?"

"बाहेरची आहे मी, वेसेल. माझी शाळा तुम्हाला माहीत आहे."

म्हातारा हसला. मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला आणि आपल्या बशीत पाहू लागला.

डेलीनने घास चावला, गिळला आणि वाट पाहिली. आली ती. जिभेच्या मागे, ऊबदार, जराशी कडसर. पहिल्या दिवशी आली होती अगदी तशीच, आणि तशीच थांबली. हिला नाव काय, हे आजही तिला सांगता आलं नसतं.

काउंटरपलीकडे एव्ही फडका पिळत उभी होती. लहानपणी प्रगतिपुस्तक आणल्यावर उभी राहायची तशी.

"कशी झालीय?" तिने हळूच विचारलं.

"अगदी यायासारखी," डेलीन म्हणाली.

एव्हीची मान खाली गेली. डेलीनने दुसरा घास गुंडाळला. तो संपवून खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ पुन्हा भरून येत होतं.

"आणि उजेड आहे तोवर नीघ," ती बशीकडे बघतच म्हणाली. "संध्याकाळी पुलावर बर्फ धरतो."